पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्री कोठे आणि केव्हा जेवावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एक कुटुंब जानेवारीच्या अखेरीस ट्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथे गुरुवारी दुपारी पोहोचून पुढील मंगळवारी परतणार आहे. प्रश्न विचारणारे वडील आणि त्यांचा २१ वर्षांचा मुलगा सर्व काही खातात, आई शाकाहारी आहेत व अंडेही खात नाहीत. त्यांना उत्तम रेस्टॉरंटांची यादी हवी आहे, रात्री बाहेर फिरणे कितपत सुरक्षित आहे हे समजून घ्यायचे आहे, आणि चिरंजिवांना तेथील नाइटलाइफ पाहायची आहे. मी या शहरातील हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत १४ वर्षे काढली आणि त्यानंतर भारतातून येणाऱ्या छोट्या गटांच्या संध्याकाळी आखून देण्याचे काम केले, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्या रोजच्या परिचयाचे आहेत.

रेस्टॉरंटांची यादी मी मुद्दामच देत नाही. यादी हातात आली की पाहुणे रात्री आठ वाजता टेबल राखून ठेवतात, दोन तास त्या टेबलाशी बसतात, बिल देऊन हॉटेलवर परततात, आणि ‘ठीक होते, पण असे जेवण कोठेही मिळते’ असे मला सांगतात. त्यांचे म्हणणे खरेच असते. या बेटावरचे उत्तम खाणे टेबलाशी फारसे बांधलेले नाही. ते ठरावीक वेळेशी आणि ठरावीक कोपऱ्याशी बांधलेले आहे. जो पदार्थ पहाटे साडेपाचला अप्रतिम असतो तो अकरा वाजता संपलेला असतो, जो दुपारी हवा तो संध्याकाळी शिळा होतो, आणि जो मध्यरात्रीनंतर लागतो तो आधी कोणी करतच नाही. तेव्हा कोठे जावे याच्या आधी केव्हा जावे हे ठरवावे.

येथे आणखी एक शब्द समजून घ्यावा लागतो, तो म्हणजे ‘लाइम’. याचा लिंबाशी काही संबंध नाही. चार माणसांनी कोठेतरी जमून, विशेष काही न ठरवता, खातपीत गप्पा मारत वेळ घालवणे म्हणजे लाइम. आपल्याकडे ‘कट्ट्यावर बसणे’ म्हणतात त्याच्या हे सर्वांत जवळ जाते. फरक इतकाच की आपला कट्टा एका जागी असतो आणि यांचा कट्टा रात्रभरात तीन जागा बदलतो. नदीकाठी चूल मांडून बदकाची करी शिजवत दिवस घालवला तर तो ‘रिव्हर लाइम’, गाडीच्या डिकीभोवती उभे राहून बिअर प्यायली तरी तो लाइमच. तेथील नाइटलाइफ म्हणजे मुख्यतः हेच. काचेच्या दारामागचे क्लब आहेत, पण त्यांच्यावरून या शहराची पारख करू नये.

आता पहिल्या सकाळपासून सुरुवात करतो, कारण भारतातून येणाऱ्यांचे शरीर तसेच ठरवून टाकते. ट्रिनिदादचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आपल्याला पहाटे साडेचारची झोप येते आणि मग पहाटे तीन-चारला टक्क जाग येते. या गोष्टीशी झगडू नये. गुरुवारी लवकर झोपावे आणि शुक्रवारी उजाडताना डबल्स खायला बाहेर पडावे, म्हणजे शुक्रवारची रात्र जागण्याइतके बळ राहते.

डबल्स हा ट्रिनिदादचा खरा राष्ट्रीय पदार्थ आहे. मैदा, हळद आणि यीस्ट घालून सैलसर भिजवलेल्या पिठाचे दोन मऊ, चपटे, तळलेले ‘बारा’ आणि त्यांवर छोल्यांची पातळसर करी, एवढेच त्याचे मूळ रूप. १९३० च्या दशकात दक्षिणेकडील प्रिन्सेस टाउन येथे डीन कुटुंबाने तो विकायला सुरुवात केली. आधी एकच बारा आणि छोले असे मिळत. गिऱ्हाईके बारा दुप्पट मागू लागली, त्यावरून नाव पडले असे सांगतात. मूळ शब्द आपल्या ओळखीचा आहे: उत्तर भारतातील ‘बड़ा’, म्हणजे आपला वडा.

विक्रेत्याचे हात पाहण्यासारखे असतात. टोपल्यात कापडाखाली वाफेने मऊ राहिलेले बारे; तो डाव्या तळहातावर मेणकागदाचा चौकोन घेतो, त्यावर दोन बारे एकमेकांवर किंचित सरकवून ठेवतो, चमच्याने छोले ओततो, मग काकडीची चटणी, चिंचेचे पाणी, ‘कुचेला’ म्हणजे किसलेल्या कैरीचे मसालेदार लोणचे, ‘शॅडो बेनी’ नावाच्या लांब दातेरी पानांची हिरवी चटणी, आणि शेवटी तिखट; कागदाची दोन टोके धरून एक गिरकी दिली की पुडी तयार. हे सारे आठ-दहा सेकंदांत होते. शॅडो बेनीचा वास कोथिंबिरीसारखा पण त्याहून बराच उग्र असतो, आणि एकदा ओळखला की बेटावरच्या अर्ध्या पदार्थांत तो सापडू लागतो. पुडी उघडून उभ्यानेच, किंचित पुढे वाकून, वरच्या बाऱ्याचे तुकडे करून त्यांनी छोले उचलत खावे. चमचा मागू नये. एकाची किंमत एका अमेरिकन डॉलरच्या आगेमागे असते, आणि कोणीही एकावर थांबत नाही.

मागणी करताना तिखटाचे प्रमाण सांगावे लागते: ‘नो पेपर’, ‘स्लाइट’, ‘मीडियम’ किंवा ‘हेवी’. येथे मी आग्रहाने सांगतो की आपण कितीही तिखट खाणारे असलात तरी पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ म्हणावे. माझ्या एका गटातील कोल्हापूरच्या गृहस्थांनी, ‘आम्हाला कसले तिखट सांगता’ म्हणत ‘हेवी’ मागवले आणि पुढचा अर्धा तास शहाळ्याच्या गाडीशेजारी उकिडवे बसून काढला. लवंगी मिरचीचा झटका सरळ जिभेवर बसतो. येथील स्कॉच बॉनेट जातीची मिरची आधी फळासारखा सुगंध देते आणि तिखटपणा मागाहून चढवते, त्यामुळे अंदाज चुकतो. याच बेटावरची ‘मोरुगा स्कॉर्पियन’ ही मिरची २०१२ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या मिरची-संशोधकांनी त्या वेळची जगातील सर्वांत तिखट ठरवली होती. ती डबल्सवर सहसा नसते, पण घरगुती सॉसच्या बाटलीत असू शकते.

हे पदार्थ इतके ओळखीचे कसे, असा प्रश्न पडेलच. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज भारतीय करारबद्ध मजुरांना घेऊन पहिल्यांदा येथे लागले. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक लोक आले. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याच्या बंदरातून निघालेले, भोजपुरी-अवधी बोलणारे होते. मराठी माणूस त्यांत जवळजवळ नव्हताच. म्हणून शब्द ऐकून आपल्याला कळतात, पण चव थेट आपली नसते. जिऱ्याला तेथे ‘गीरा’ म्हणतात, तव्याला ‘तावा’, भाजलेल्या वांग्याच्या भरिताला ‘बैगन चोखा’. मात्र ‘करी’ म्हणजे एकच पिवळी पूड, आणि ती आधी पाण्यात कालवून मग तेलात परतण्याची पद्धत आपल्या फोडणीपेक्षा वेगळी. आपल्या घरच्या चवीशी तुलना करत बसलात तर प्रत्येक घासाला काहीतरी उणे वाटेल. हे १८० वर्षे वेगळ्या मातीत वाढलेले अन्न आहे आणि त्याकडे तसेच पाहावे.

शाकाहाराचे म्हणाल तर कॅरिबियन बेटांत शाकाहारी माणसाची सर्वांत चांगली सोय येथेच होते, पण कोठे आणि कोठे नाही हे नीट समजून घ्यावे लागते. भारतीय वंशाच्या विक्रेत्यांकडे डबल्स, बटाटा भरलेला आलू पाय, वाटाणाडाळीच्या पिठाची फुलौरी, बैगनी, आणि ‘सहीना’ हे सारे शाकाहारी असते. सहीना म्हणजे अळूच्या पानांना वाटाणाडाळीचे पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेला प्रकार. अळूवडीची सख्खी बहीणच, फक्त गूळ-चिंच आत न घालता चिंचेची चटणी वर येते. सान फर्नांडोजवळच्या डेबे गावात रस्त्याकडेला या पदार्थांच्या दुकानांची ओळच आहे. एखादी संध्याकाळ दक्षिणेकडे जाणे झाले तर तेथे थांबावे.

धोका आहे तो क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-युरोपीय वळणाच्या, स्वयंपाकात. ‘कलालू’ दिसायला हुबेहूब अळूचे फतफते: अळूची पाने, भेंडी, नारळाचे दूध, भोपळा. पहिल्या वर्षी मी स्वतः एका शाकाहारी गटाला, न विचारता, हे वाढायला सांगितले, आणि एका बाईंच्या वाटीत खेकड्याची नांगी निघाली. चूक सर्वस्वी माझी होती. कलालूत खेकडा किंवा खारवलेले डुकराचे शेपूट घालण्याची रीतच आहे, आणि राजम्याच्या उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यातही ते शेपूट असू शकते. म्हणून ‘हे व्हेज आहे का’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘यात पिगटेल किंवा खेकडा आहे का’ असे नेमके विचारावे. मॅकरोनी पायमध्ये बहुधा अंडे असते, तेव्हा आपल्या पत्नींनी तो सोडून द्यावा. रास्ताफारी पंथाच्या मंडळींचे ‘आयटल’ जेवण मात्र त्या घेऊ शकतील, फक्त मासे नाहीत ना एवढे विचारावे. मांस आणि अंडी त्यात वर्ज्य असतात आणि मीठही बहुधा नसते, ते थोडे वरून मागून घ्यावे.

रोटीच्या दुकानांबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: ती रात्रीची नव्हेत. तेथे दोन मुख्य प्रकार मिळतात. ‘धालपुरी’ ही भाजलेल्या जिऱ्याच्या वासाची, आत वाटाणाडाळीचा कोरडा भुगा असलेली पातळ पोळी. गोड नसलेली पुरणपोळी म्हटले तर चालेल. दुसरा प्रकार ‘बस-अप-शट’, म्हणजे फाटका सदरा: तव्यावर तुपा-तेलात भाजलेल्या मोठ्या पराठ्याला दोन लाकडी फळ्यांनी झोडपून त्याच्या चिंध्या करतात, आणि त्या चिंध्यांनी करी टिपून खायची. आपल्या पत्नींनी छोले-बटाटा, भोपळा आणि ‘बोडी’ म्हणजे चवळीच्या शेंगा अशी तिहेरी भाजी मागावी, आणि कैरीची करी असेल तर ती सोडू नये. पण हे दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान. संध्याकाळपर्यंत भाज्या संपतात आणि रविवारी अनेक दुकाने उघडतच नाहीत.

शुक्रवारची रात्र अरियापिता अव्हेन्यूची. वुडब्रुक भागातील या रस्त्याला सगळे नुसते ‘द अव्हेन्यू’ म्हणतात. दोन्ही बाजूंना जुनी घरे, त्यांच्या ओसरीत बार आणि रेस्टॉरंट, पदपथावर गायरो (मांसाचे काप गुंडाळलेली रोटी) आणि बर्गरच्या गाड्या, आणि नऊ वाजल्यानंतर रस्त्यातच उभी असलेली माणसे. महिन्याचा शेवटचा शुक्रवार असेल तर पगार झालेला असतो आणि गर्दी दुप्पट होते. टेबलाशी बसून नीट जेवायची हौस असेल तर ती याच रात्री, सात वाजता, आधी जागा राखून भागवून घ्यावी आणि साडेनऊला बाहेर रस्त्यावर यावे.

आत शिरताना काय म्हणायचे हे आपल्याला विचित्र वाटेल. ट्रिनिदादमध्ये अंधार पडल्यावर भेटताना ‘गुड नाइट’ म्हणतात. निरोपाला नव्हे, अभिवादनाला. ते न म्हणता थेट मागणी सुरू केली तर माणूस उद्धट समजला जातो आणि मग बिअर फार उशिरा येते. कॅरिब आणि स्टॅग या स्थानिक बिअर लहान बाटलीत मिळतात आणि त्या ‘बीस्टली कोल्ड’ असाव्यात, म्हणजे बाटलीवर बर्फाचा पापुद्रा हवा, हा सर्वमान्य निकष आहे. पिण्याबरोबर जे खायचे त्याला ‘कटर्स’ म्हणतात. आपल्या ‘चखण्या’चा हा भाऊबंद. त्यांत जिऱ्यात घोळवून कोरडे केलेले ‘गीरा पोर्क’ किंवा ‘गीरा चिकन’ हे मला मोठमोठ्या रेस्टॉरंटांतील मुख्य पदार्थांपेक्षा सरस वाटते.

बिलाबद्दल आधीच सांगतो, म्हणजे टेबलावर वाद होणार नाही. अनेक रेस्टॉरंटांच्या मेनूवरील दरांत १२.५ टक्के व्हॅट आणि १० टक्के सेवाशुल्क धरलेले नसते. तळाशी बारीक अक्षरांत तसे छापलेले असते. म्हणजे १०० डॉलरची मागणी १२२.५० डॉलरवर जाते. सेवाशुल्क लावले असेल तर वेगळी टीप देण्याचे बंधन नाही. आणि हे डॉलर टीटी, म्हणजे ट्रिनिदाद-टोबॅगोचे, डॉलर आहेत, एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास मिळणारे; मेनूवरचा आकडा पाहून छाती दडपू देऊ नये. रस्त्यावरच्या गाड्यांवर रोखच चालते, म्हणून सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

शनिवारी पश्चिमेकडे सेंट जेम्सला जावे. वेस्टर्न मेन रोडचा हा भाग कधी झोपत नाही असे शहरात म्हणतात, आणि रात्री एकला तेथे रोटी, सूप, चायनीज चिकन असे सारे मिळते. अव्हेन्यूवर लोक कपडे बघून येतात. येथे टॅक्सीचालक, परिचारिका, वादक, प्राध्यापक असे सगळे एकाच पदपथावर उभे असतात, आणि मला स्वतःला ही रात्र अधिक आवडते. आजूबाजूच्या गल्ल्यांच्या पाट्या वाचाव्यात: बॉम्बे स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट, पाटणा स्ट्रीट, बेंगॉल स्ट्रीट. मळ्यांवरून सुटलेल्या भारतीयांची ही जुनी वस्ती. मोहरमच्या दिवसांत येथेच ‘होसे’ची मिरवणूक निघते, रंगीत ताबूत निघतात आणि ‘तासा’ वाजतो. तासा म्हणजे आपला ताशाच. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे, गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवायचे, आणि मध्येच शेकोटीवर धरून कातडे तापवून घ्यायचे. एक वादक ‘कटर’, जो बोल कापतो, दुसरा ताल धरून ठेवणारा, सोबत मोठा ढोल आणि झांजा. पुण्याच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला हे पथक लग्नाच्या वरातीत किंवा फेब्रुवारी-मार्चमधील कार्निव्हल या मोठ्या उत्सवाच्या पार्टीत अचानक भेटले की क्षणभर आपण कोठे आहोत तेच कळत नाही. (‘कटर’ हा शब्द वादकालाही आणि चखण्यालाही, हा योगायोग मला इतक्या वर्षांनंतरही गंमतीचा वाटतो.)

जानेवारीअखेर येत असल्याने आपल्या पदरात आणखी एक गोष्ट पडते आहे, आणि सहा दिवसांत एकच गोष्ट करायची असेल तर मी हीच करायला सांगेन: पॅनयार्ड. स्टीलपॅन हे वाद्य याच शहराच्या गरीब वस्त्यांत जन्मले. ब्रिटिश सरकारने १८८० च्या दशकात ढोलांवर बंदी घातली, मग लोक बांबू आपटून ताल धरू लागले, पुढे बिस्किटांचे डबे आले, आणि १९४० च्या दशकात तेलाच्या पिंपांचा तळ ठोकून त्यातून सूर काढण्याची कला पक्की झाली. १९६३ पासून कार्निव्हलच्या सुमारास ‘पॅनोरमा’ ही वाद्यवृंदांची स्पर्धा भरते आणि तिची तालीम जानेवारीपासून रोज रात्री उघड्या मैदानांत चालते. त्या मैदानाला पॅनयार्ड म्हणतात. ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटवर रेनिगेड्स, अशी मोठ्या बँडांची ठिकाणे आहेत. तालमीला प्रवेश बहुधा मोफत असतो.

रात्री नऊच्या सुमारास जावे. शंभराच्या आसपास वादक लोखंडी सांगाड्यांमध्ये उभे असतात: शाळकरी मुली, निवृत्त पोस्टमन, बँकेतली माणसे. स्पर्धेतील रचना जेमतेम ८ मिनिटांची, पण तिच्यातील चार मात्रांचा एक तुकडा चुकला म्हणून मास्तर तो तीस-चाळीस वेळा घोटून घेतो. कागदावरची स्वरलिपी फारशी कोणी वापरत नाही. सारे हातांना पाठ. आणि मग साडेदहाच्या सुमारास तो हात वर करतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसंध रचना सुरू होते, आणि मोठ्या पिंपांचा खर्ज पायांखालच्या जमिनीतून वर येतो. ध्वनिवर्धक नसतो. यार्डातच एक छोटा बार असतो, कोणीतरी कढईत मासे तळत असते, आणि बँडच्या तिजोरीत भर पडावी म्हणून तेथेच काहीतरी विकत घ्यावे ही शिष्टाचाराची गोष्ट आहे.

चिरंजिवांना ‘फेट’ला जायचे असणारच. फेट म्हणजे कार्निव्हलपूर्वीच्या आठवड्यांत होणाऱ्या, सोका या वेगवान नाचऱ्या संगीताच्या मोठ्या पार्ट्या. ‘ऑल-इन्क्लूझिव्ह’ फेटच्या तिकिटात अमर्याद खाणेपिणे धरलेले असते आणि तिकीट महाग असते. ‘कूलर फेट’ला आपले पेय बर्फाच्या पेटीत आपणच न्यायचे. चिरंजीव २१ वर्षांचे आहेत, तेव्हा मद्यपानाच्या कायदेशीर वयाची अडचण नाही. तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, चार ओळखीची माणसे सोबत असावीत, आणि परतीची गाडी जाण्यापूर्वी ठरलेली असावी. फेटमधून बाहेर पडताना फाटकाशी कॉर्न सूपची गाडी असते: मक्याच्या कणसाचे तुकडे, वाटाणाडाळ, नारळाचे दूध आणि कणकेचे छोटे गोळे. पहाटे तीनला, घाम सुकत असताना, कागदी पेल्यातून प्यायलेले ते सूप मला अनेक महागड्या जेवणांपेक्षा जास्त आठवते.

आता सुरक्षिततेचे. येथे गोड बोलून उपयोग नाही. ट्रिनिदादमध्ये बंदुकीची गुन्हेगारी गंभीर आहे. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर केली होती. बहुतेक हिंसा टोळ्यांमधील आणि काही विशिष्ट वस्त्यांतील असते, पर्यटक तिचे लक्ष्य सहसा नसतात, पण त्या भरवशावर निष्काळजी राहू नये. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात. माझे नियम साधे आहेत. अंधार पडल्यावर एका भागातून दुसऱ्या भागात पायी जायचे नाही, अंतर दहा मिनिटांचे असले तरी. अव्हेन्यूवर किंवा सेंट जेम्सच्या गर्दीत चालावे, पण तेथे पोहोचावे आणि तेथून निघावे गाडीने. पूर्वेकडील लावेंटिल आणि मध्य शहराच्या रिकाम्या गल्ल्यांत रात्री भटकायचे नाही. ड्यूक किंवा शार्लट स्ट्रीटच्या पॅनयार्डला गाडी दारापर्यंत न्यावी. हॉटेलने सुचवलेला एकच चालक सर्व रात्रींसाठी ठरवून घेतला तर थोडे पैसे जास्त जातात, पण डोके शांत राहते.

टॅक्सी ओळखण्याची खूण नंबरपाटीवर आहे. भाड्याच्या गाडीचा क्रमांक ‘एच’ने सुरू होतो, खासगी गाडीचा ‘पी’ने. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि खासगी गाडी भाड्याने चालवणारे, ज्यांना ‘पीएच’ म्हणतात, भरपूर आहेत. स्थानिक माणसे त्यांत बसतात. आपण बसू नये. आणि एक गोष्ट जी हमखास राहून जाते: लष्करी छाप्याचे कपडे घालणे येथे कायद्याने गुन्हा आहे. मुलाच्या बॅगेत तशी कार्गो पँट किंवा टोपी असेल तर ती पुण्यातच ठेवावी.

रविवारचा दिवस समुद्राचा ठेवावा. शहरापासून उत्तरेकडे डोंगरातून जाणारा रस्ता, जो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकनांनी बांधला, पाऊण तासात माराकास खाडीला पोहोचवतो. तेथे ‘बेक अँड शार्क’ खातात. ‘बेक’ हे नाव असूनही ती पुरी तळलेलीच असते, आत मसाल्यात मुरवून तळलेला मासा, आणि मग चिंच, लसूण, शॅडो बेनी, अननस अशा डझनभर चटण्यांतून आपली आपण निवड करायची. शार्कची संख्या घटत चालल्याने मी हल्ली किंगफिश, म्हणजे आपला सुरमईच, मागतो, आणि चवीत काही गमावत नाही. हे सारे दिवसाउजेडी. ज्यांच्याकडे दोन दिवस जास्त असतात त्यांना मी रविवारी टोबॅगोला पाठवतो, विमानाने पाऊण तासाच्या आत. तेथील बुकू गावात दर रविवारी रात्री रस्त्यावर ‘संडे स्कूल’ भरते, जे शाळा मुळीच नसून आधी स्टीलबँड आणि मग उशिरापर्यंत नाच असते. आपल्या वेळापत्रकात ते ओढूनताणून बसवू नये.

रविवारी माराकासहून परतल्यावर किंवा सोमवारी संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हानाला जावे. हे शहराच्या मध्यावरचे प्रचंड मैदान, आणि त्याच्या कडेला अंधार पडताच खाण्याच्या गाड्यांचे दिवे लागतात. शहाळेवाला कोयत्याच्या तीन घावांत तोंड उघडतो, पाणी पिऊन झाले की शहाळे दुभंगून सालीचाच एक तुकडा मलई काढायला चमचा म्हणून देतो. कुटुंबासह निवांत बसायला ही सर्वांत चांगली जागा आहे. दहाच्या आत परतावे.

मद्य घेणाऱ्यांनी रम येथे चाखावीच, पण त्याहून अधिक ओळख करून घ्यावी ती अँगोस्टुरा बिटर्सची. दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हार याच्या सैन्यातील योहान सिगर्ट या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातील अँगोस्टुरा गावी हे कडू औषधी मिश्रण तयार केले आणि १८७० च्या दशकात त्याच्या कुटुंबाने धंदा पोर्ट ऑफ स्पेनला हलवला. बाटलीपेक्षा मोठे लेबल हे त्याचे चिन्ह. याच शहरातील क्वीन्स पार्क हॉटेलच्या नावाने प्रसिद्ध झालेले ‘क्वीन्स पार्क स्विझल’, रम, पुदिना, लिंबू, साखर आणि वर बिटर्सचा तांबडा थर, एका चांगल्या बारमध्ये मागवून पाहावे. आपल्या पत्नी मद्य घेत नसतील तर लिंबू-बिटर्सचे ‘एलएलबी’ हे शीतपेय सर्वत्र मिळते, पण त्यातील बिटर्समध्ये अल्कोहोल असते, थेंबभर का होईना. कडक वर्ज्य असेल तर लाल अंबाडीच्या बोंडांचे ‘सॉरेल’ मागावे.

आपल्याला क्रिकेटची आवड आहे असे प्रश्नात लिहिले आहे, म्हणून सोमवारची दुपार क्वीन्स पार्क ओव्हलसाठी. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने येथे वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात ११२ धावा केल्या, सुनील गावस्करांनी येथेच पदार्पण केले, आणि त्याच मालिकेच्या शेवटच्या सामन्यात, याच मैदानावर, १२४ आणि २२० धावा काढल्या. लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो, म्हणजे येथील पारंपरिक गीतप्रकार, गाणाऱ्या स्थानिक गायकाने त्यावर गाणे रचले. अव्हेन्यूवरच्या एखाद्या बारमध्ये साठीपलीकडचे गृहस्थ बसलेले दिसले तर ‘गुड नाइट’ म्हणून गावस्करांचे नाव काढावे. पुढचा तासभर लाइम कसा करतात हे वेगळे सांगावे लागणार नाही.

मंगळवारी विमानतळाकडे निघताना चालकाला अर्धा तास आधी बोलवावे. पियार्को विमानतळाच्या वाटेवर डबल्सच्या गाड्या उभ्या असतात, आणि परदेशी राहणारे ट्रिनिदादी विमानातून उतरल्याबरोबर तेथे थांबतात व परत जाताना पुन्हा थांबतात. तेथे उभ्याने दोन खावेत. एव्हाना आपण ‘मीडियम’ म्हणू शकाल. तिखटाच्या सॉसची बाटली घरी न्यायची असेल तर ती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध ठेवावी, कारण हातातल्या बॅगेतली सुरक्षा तपासणीत काढून घेतात.